मे महिन्यात ‘लेक व्ह्यू’ खोली घ्यावी का?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. दोघे भाऊ, दोघांच्या बायका, तीन ते अकरा वर्षांची चार मुलं (त्यातलं एक पाच वर्षांचं) आणि सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली आई. मे महिन्यात दोन रात्री कुठेतरी पाण्याकाठी जायचंय, गावापासून लांब पण गाडीने दोन तासांच्या आत. फोटोत सगळी रिसॉर्टं सारखीच दिसतात. निवडायचं कसं, आणि ‘लेक व्ह्यू’ खोलीचे जादा पैसे द्यावेत का?

मी खानापूरची. सतरा वर्षं याच धंद्यात काढली, आधी फ्रंट ऑफिसला, मग मॅनेजर म्हणून. एक जागा जंगलातली, दोन पाण्याकाठच्या. रिसॉर्टांची नावं घेणार नाही. एक तर जुन्या मालकांशी अजून बोलणं-चालणं आहे. दुसरं म्हणजे मॅनेजर आणि आचारी बदलले की सहा महिन्यांत जागेची कळा बदलते. मी आज चांगलं म्हटलेलं ठिकाण तुम्ही जाईपर्यंत तसंच असेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षा फोनवर काय विचारायचं ते सांगते.

तुम्ही विचारलंय कुठलं रिसॉर्ट. मला त्याखाली दोन वेगळे प्रश्न दिसतात. मे महिन्यात ते पाणी कुठे असेल? आणि त्या पाण्यापाशी चार पोरांवर नजर कोण ठेवणार? ही दोन उत्तरं मिळाली की रिसॉर्ट आपोआप ठरतं.

आधी पाणी. आपल्याकडे रिसॉर्टवाले ज्याला ‘लेक’ म्हणतात ते तीनपैकी एक असतं. धरणाचा फुगवटा (बॅकवॉटर), गावचा जुना तलाव, नाहीतर मालकाने जेसीबी लावून खणलेलं आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. फोटोत तिन्ही निळी दिसतात.

राकसकोप धरणाची पातळी बघायला बेळगावकराला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात पेपरात आकडा येतो, २४७५ फूट झाले की ‘भरलं एकदाचं’ म्हणून घराघरांत सुस्कारा. पण तोच माणूस रिसॉर्ट बुक करताना पातळी म्हणून काही असते हे साफ विसरतो. (राकसकोपचं पाणी शहराच्या नळाला येतं, तिथे पोहण्या-डुंबण्याचा विचार कुणी करू नये. उदाहरण फक्त आकड्यासाठी घेतलं.)

हिडकलचं बघा. ५१ टीएमसीचं धरण, पूर्ण पातळी २१७५ फूट. चांगल्या पावसाच्या साली ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं. मग डाव्या-उजव्या कालव्यांतून रब्बीला पाणी सुटतं, उन्हाळ्यात पिण्यासाठी सोडतात, आणि मेपर्यंत फुगवटा इतका आत सरकतो की पाण्याखाली गेलेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाचीही तीच तऱ्हा. ही शेतीसाठी बांधलेली धरणं. उन्हाळ्यात रिकामी होणं हे त्यांचं कामच आहे.

पातळी दहा फूट उतरली हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण काठाची जमीन पन्नास फुटाला एक फूट अशी मंद उतरती असेल, तर पाणी दहा फूट खाली गेलं की काठ पाचशे फूट मागे जातो. ऑक्टोबरात ज्या पायरीवर पाय सोडून बसलात, त्या पायरीपासून मे महिन्यात पाण्यापर्यंत दीडशे मीटर गाळ. त्यावर कुणाची गाळपेर असते, कुणाच्या म्हशी असतात. बघायला वाईट नाही, मला तर ते आवडतं. पण ‘लेक व्ह्यू’ म्हणून पैसे मोजून आलेल्या माणसाला मी ते आवडायला कसं लावणार? मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असायच्या. ‘मॅडम, लेक कुठाय?’

आणि तो गाळ नुसता दिसायला वाईट असता तर चाललं असतं. वरून वाळून भेगा पडलेला असतो, मोठ्या माणसाला वाटतं टणक आहे. पाण्याच्या जवळ जावं तसा वरचा पापुद्रा पातळ होतो आणि खाली लोण्यासारखा चिखल. एका मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सहा वर्षांचं एक पोरगं चेंडूमागे त्या भेगांवरून धावत गेलं. चाळीस-पन्नास पावलं गेलं असेल. एक पाय गुडघ्यापर्यंत आत, तो काढायला दुसरा टेकला तर तो मांडीपर्यंत. बाप मागोमाग पळाला आणि तोही रुतला, वजनामुळे पोरापेक्षा जास्तच. ओरडणं ऐकून आमच्या स्वयंपाकघरातला भांडी घासणारा पोरगा बाहेर आला, त्याच काठच्या गावचा. तो धावला नाही. कोठीमागे टेकवून ठेवलेलं एक जुनं दार होतं, ते त्याने ओढत नेलं, गाळावर आडवं टाकलं, त्यावर पालथा झोपला आणि पोराच्या काखेत हात घालून हळूहळू, पाय हलवत-हलवत त्याला बाहेर काढलं. दोन्ही चपला आतच राहिल्या. नंतर बापाला काढायला तेच दार आणि बोटीचा दोर लागला. दुसऱ्या दिवशी मी तिथे बांबू रोवून दोरी बांधून घेतली. ते आधी का केलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

म्हणून फोनवर ‘लेक जवळ आहे का’ विचारू नका. असं विचारा: ‘आत्ता, या आठवड्यात, डायनिंग हॉलपासून पाणी किती पावलांवर आहे? आजचा फोटो पाठवता का?’ जो लगेच मोबाईलवर काढून पाठवतो त्याच्याशी पुढे बोला. जो ब्रोशरमधला फोटो पाठवतो, त्याने उत्तर दिलेलंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग ज्याचा काठ वर्षभर जवळ राहतो असं ठिकाण शोधतो. शोधा, पण काठ जवळ राहतो याचा अर्थ बहुतेक वेळा तो उभा उतरतो. खडकाळ, दोन पावलांत कमरेएवढं, चौथ्या पावलात डोक्यावर. फुगवट्याखाली जुन्या विहिरी असतात, शेताचे बांध असतात, न तोडलेल्या झाडांची खोडं असतात. बांधाच्या वर पाणी पोटरीएवढं आणि बांध संपला की पुरुषभर. खाली गाव होतं ते वरून दिसत नाही. लहान मुलांसाठी मंद उतार चांगला, पण तो उन्हाळ्यात लांब जातो. मोठ्यांना बघायला उभा काठ चांगला, पण तिथे पोरं सोडता येत नाहीत. दोन्ही एकत्र देणारी जागा मी तरी पाहिलेली नाही.

शेततळ्याबद्दल मी कडक बोलणार आहे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचे काठ ओले झाले की शेवाळाने असे बुळबुळीत होतात की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. पाय टेकतो, घसरतो, पुन्हा टेकतो, पुन्हा घसरतो, आणि दमतो. शेतांमधल्या अशा तळ्यांत बुडाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कारण बहुतेक वेळा हेच. रिसॉर्टने त्याच तळ्यात चार बदकं सोडली आणि एक पेडल बोट ठेवली म्हणून ते काही निराळं होत नाही. भोवती छातीएवढं कुंपण, गेटला कडी, आणि आत चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर लोंबकळत सोडलेले नसतील, तर तीन वर्षांचं मूल घेऊन तिथे मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका.

महिना बदलता येतो का ते आधी घरात बघा. हे सुचवतेय कारण आपल्या सीमाभागाला एक फायदा आहे, जो कुणी वापरत नाही. कर्नाटकात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, महाराष्ट्रात दिवाळीला. दसऱ्याच्या दिवसांत कोल्हापूर-पुण्याकडची पोरं अजून शाळेत असतात, धरणं काठोकाठ भरलेली असतात, पाऊस ओसरलेला असतो आणि सोमवार ते गुरुवार निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. त्या दिवसांत भाव कमी करून मागा, मिळतो. मी स्वतः दिलेला आहे. दिवाळीत तीच खोली मागायला गेलात तर भाव सोडा, फोनही उचलणार नाहीत. अर्थात तुमच्या बहिणी कोल्हापुरात दिल्या असतील आणि भाचरं बरोबर हवी असतील तर हे गणित जमत नाही, ते मला माहीत आहे.

मे महिनाच धरायचा असेल तर दिशा विचार करून घ्या. बेळगाव जिल्हा पश्चिमेला जंगल आणि पूर्वेला माळरान असा आहे. सौंदत्ती-गोकाककडे मे महिन्यात ऊन भाजून काढतं, दहा ते पाच तुम्ही खोलीतच असणार. शिवाय पौर्णिमेच्या आसपास यल्लम्माच्या गर्दीत रस्ता अडकतो. जांबोटी-कणकुंबीकडे झाडी आहे, रात्री चादर लागते, पण तिथे मोठा जलाशय नाही. मलप्रभा तिथे नुकती उगम पावलेली, उन्हाळ्यात ओढ्याएवढी. चंदगड-तिलारीकडे हवा आणि पाणी दोन्ही मिळतं, शिनोळी-पाटणे फाट्यावरून रस्ताही सोपा. दांडेली-गणेशगुडी तुमच्या दोन तासांच्या किंचित बाहेर जाईल, पण काळी नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण सुपा धरणातून वीज तयार करण्यासाठी ते सोडावं लागतं. त्यातच तिथला धोका आहे. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यात खेळणारी पोरं असतात आणि वर वीजनिर्मिती सुरू झाली की तासाभरात तेच पाणी कमरेला येतं. नदीकाठच्या रिसॉर्टमध्ये गेल्या-गेल्या पहिला प्रश्न ‘पाणी किती वाजता सोडतात’ हा विचारा, आणि उत्तर वेटरकडून नको, बोटवाल्याकडून घ्या.

मे महिन्यात आणखी एक पाहुणा ठरलेला असतो, वळीव. दुपारी तीन-चारला पश्चिमेकडे काळं होतं, धुळीचा लोट येतो आणि दहा मिनिटांत वारा-विजा सुरू. उघड्या पाण्यावर बोटीत असणं त्या वेळी फार वाईट. आमच्याकडे नियम होता की गडगडाट ऐकू आला की बोटी बंद, मग पाहुणे कितीही भांडोत. ‘आम्ही पैसे भरलेत’ हे वाक्य मी त्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त ऐकलंय. त्यामुळे बोटिंग सकाळी उरकून घ्या, दुपारनंतरचं तिकीट काढूच नका.

हे झालं पाण्याचं. आता नजर कोण ठेवणार.

सतरा वर्षांत मी रिसॉर्टात एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली. पुरुषमंडळी लॉनवर खुर्च्या टाकून बसतात, आजी सावलीत बसते, आणि स्विमिंग टँकच्या काठावर एक बाई उभी असते. अंगावर पंजाबी ड्रेस, हातात टॉवेल आणि बिस्किटाचा पुडा. सकाळी तीच, दुपारी तीच. चेक-आउटला फॉर्मवर ‘एंजॉय केलंत का’ विचारलं की नवरा ‘खूप’ म्हणून सही करतो. मी तिच्याकडे बघायचे. रागावू नका, पण तुमच्या प्रश्नात वहिनींना काय हवंय हे कुठेच नाही.

आणि ती एकटी उभी असते तेही कमी धोक्याचं नाही. चार मुलांवर एक माणूस दोन-दोन तास लक्ष ठेवू शकत नाही, डोळा चुकतोच. दुसरी बाजू याहून वाईट, चार मोठी माणसं काठावर गप्पा मारत असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच पुरत नाही तर ओरडणार कुठून. पाच फुटांवर बसलेल्याला ते खेळतंय असं वाटतं.

मी पाहुण्यांना एक लाल टोपी द्यायचे. ती ज्याच्या डोक्यावर तो पहारेकरी. अर्धा तास, त्यात मोबाईल खिशात, गप्पा बंद, चहा नाही. अर्धा तास झाला की टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. तुम्ही चार मोठी माणसं आहात, म्हणजे दोन तासांत प्रत्येकाची एकच पाळी. तीन आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी टोपीही पुरत नाही. त्यांच्याबरोबर हाताच्या अंतरावर एक माणूस पाण्यात उतरलेला हवा. काठावर नाही, पाण्यात. पाहुणे आधी हसायचे. दुसऱ्या दिवशी दोन जावा माझ्याकडे येऊन ‘टोपी ठेवून घेऊ का’ विचारायच्या.

लाइफगार्ड आहे का हे विचाराच, पण ‘हो’ एवढ्यावर थांबू नका. किती ते किती असतो, आणि त्या वेळात त्याला दुसरं काय काम असतं? बऱ्याच ठिकाणी टँक साफ करणारा, टॉवेल देणारा आणि लाइफगार्ड एकच पोरगा असतो. तो गेटवर सामान उचलायला गेला की टँक मोकळा.

लाइफ जॅकेटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसगत होते. रिसॉर्टात जॅकेटं वीस असतात आणि त्यातली सतरा मोठ्यांची. ‘घट्ट बांधलं की बसतं’ म्हणून ते पाच वर्षांच्या पोराला घालतात. तपासायची रीत सोपी आहे. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकणार, पोर खालून निसटणार. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो तुटलेला नाही ना बघा. आत लिहिलेलं वजन वाचा, वय नव्हे. दंडात घालायचे हवेचे फुगे किंवा कमरेची रिंग ही खेळणी आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट रिसॉर्टात बहुधा मिळणारच नाही, तेव्हा ते घरून न्या.

तुमच्या आईंसाठी खोली निवडताना देखावा शेवटी. पाण्याकाठच्या कॉटेज उतारावर असतात, डायनिंग हॉल वर असतो. निपाणीकडच्या एक आजी आल्या होत्या, मुलाने हौसेने सगळ्यात खालची, पाण्याला लागून असलेली कॉटेज घेतलेली. मधे अडतीस पायऱ्या, कठडा नाही. पहिल्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या खांद्याला धरून वर आल्या त्या रात्रीच खाली गेल्या. दिवसभर डायनिंग हॉलच्या खिडकीपाशी खुर्चीवर. आमचा आचारी सौंदत्तीकडचा, त्याला मराठी जेमतेम. तासातासाने येऊन विचारायचा, ‘अज्जी, ऊटा आयता?’ आणि त्या म्हणायच्या, ‘झालं रे बाबा, कितींदा जेवू?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्याकडून मेथीची जुडी मागून घेतली आणि निवडत बसल्या. मुलगा म्हणाला, आईला इथे आवडलेलं दिसतंय. त्यांना काय आवडलं असेल? पाणी तर त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून खोली तळमजल्याची, डायनिंग हॉलजवळची. फोनवर पायऱ्यांचा आकडा विचारा, ‘थोड्याच आहेत’ हे उत्तर घेऊ नका. खोलीचा फोटो नको, बाथरूमचा मागा. कमोड उंच आहे का, शेजारी धरायला दांडी आहे का, उंबरठा किती, फरशी गुळगुळीत आहे का. पलंग बुटका असेल तर गुडघेदुखीच्या माणसाला उठताना जीव जातो. वर दुसरी गादी टाकून द्या म्हटलं तर कुठलंही रिसॉर्ट देतं, फक्त कुणी मागत नाही.

आता ‘लेक व्ह्यू’. दसऱ्याच्या सुट्टीत, पाणी भरलेलं असताना, एक खोली घ्या, दोघांनी दोन घेऊ नका. सकाळचा चहा सगळे त्याच व्हरांड्यात घेतील. मे महिन्यात अजिबात नको. शिवाय एक हिशेब बघा. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८. म्हणजे ७,४०० ची साधी खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ‘फक्त पाचशे जादा’ म्हणून ७,९०० ची घेतलीत तर ९,३२२ ला. पाचशेचे झाले दीड हजार. दर विचारताना ‘टॅक्स धरून किती’ असंच विचारत जा. मुलांचे पैसे वयावर लावतात, पाच-सहा वर्षांपर्यंत फुकट आणि बारापर्यंत निम्मे असं साधारण चालतं, पण प्रत्येकाची रेषा वेगळी. तुमचा पाच वर्षांचा आणि अकरा वर्षांचा दोघेही बरोबर त्या रेषेवर आहेत. एक्स्ट्रा बेड म्हणजे पलंग नव्हे, जमिनीवरची गादी, हेही माहीत असू द्या.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. बुफे साडेआठला लागतो आणि तुमचं तीन वर्षांचं बाळ सातला पेंगतं, एवढीच खरी अडचण. गेल्या-गेल्या आचाऱ्याला गाठून ‘सात वाजता दहीभात किंवा वरणभात मिळेल का’ विचारा. आचारी नाही म्हणत नाही, काउंटरवरचा पोरगा म्हणतो. पनीरच्या तीन भाज्यांपेक्षा जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाची चटणी सांगून ठेवा. ते त्यांना चांगलं येतं, बाकीचं ते पुस्तकातलं करतात.

रात्रीसाठी दोन-तीन गोष्टी. पाण्याकाठी बेडूक, बेडकामागे साप, हे चालायचंच. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, पोरांना अनवाणी सोडू नका, सकाळी बूट झटकून घाला. चावलंच काही तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका; तो हात-पाय हलू न देता सरळ मोठ्या दवाखान्यात. १०८ दोन्ही राज्यांत चालतो, पण रेंज लागते का ते खोलीत शिरल्याबरोबर बघून ठेवा. सीमेवर मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा, आणि मधल्या पट्ट्यात कुठलाच नाही. बुकिंगच्या वेळीच विचारा की रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला तर गाडी आणि ड्रायव्हर आहे का. आणि जांबोटी-कणकुंबीचा रस्ता धरणार असाल तर अंधार पडायच्या आत पोहोचा. वळणावर गवा आडवा उभा असतो आणि हॉर्नला तो हलत नाही.

उरलं ते ‘तिथे करायचं काय’. हिडकलकडे गेलात आणि पाणी खाली गेलेलं असलं तर हुन्नूरच्या विठ्ठलाचं दर्शन घडतं का ते गावात विचारा, मे महिन्याची ती एक जमेची बाजू. मात्र वाट गावकऱ्याला बरोबर घेऊनच, गाळाचं वर सांगितलंच आहे. थंडीत कधी गेलात तर गोकाकजवळच्या धुपदाळ बंधाऱ्यापाशी सकाळी लवकर जा. १९७४ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात दुर्बीण दिली तर तो टँकचं नाव काढणार नाही. गोकाक धबधबा मात्र पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच मागून बघायचा, मे महिन्यात तिथे नुसता खडक असतो. करदंट, म्हणजे गोकाकची सुक्या मेव्याची मिठाई, तेवढा बारा महिने मिळतो.

तुमच्या जागी मी असते तर मे महिन्यात फुगवट्याच्या नादी न लागता चंदगडच्या बाजूला, चांगला उथळ टँक आणि सावली असलेलं ठिकाण एका रात्रीपुरतं घेतलं असतं, आणि दुसऱ्या रात्रीचे पैसे दसऱ्याच्या सुट्टीतल्या मंगळवार-बुधवारसाठी बाजूला ठेवले असते. कुठलंही ठरवा, ऍडव्हान्स भरण्याआधी आजचा फोटो आणि पायऱ्यांचा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि टोपी लाल नसली तरी चालते, फक्त पहिली पाळी तुमची.